भूमि हालते तेव्हां आधीं कोण जागें होतें?

आपल्या घरांतून माणसांविषयीं बोलतांना 'स्वभाव' हा शब्द फार सढळ हातानें वापरला जातो. थोरला मुलगा धीट, धाकटा भित्रा. मधली सून तापट, आजी संशयी. अमका संकटांत डोकें शांत ठेवतो, तमका नुसता गोंधळ घालतो. अशा निवाड्यांत सोय मोठी असते. एकदां स्वभाव म्हटला कीं पुढें विचार करावा लागत नाहीं, आणि स्वभावाला औषध नाहीं ही म्हण हाताशीं असतेच. परंतु ज्याला आपण स्वभाव म्हणतों त्यांतील केवढा तरी भाग मज्जातंतूंचा व्यापार असतो, आणि मनाला वार्ता कळण्यापूर्वींच शरीर आपला निर्णय करून मोकळें झालेलें असतें, ही गोष्ट नीट ध्यानांत घेतली तर यांतील पुष्कळ निवाडे फिरवावे लागतील. तिचाच विचार येथें करावयाचा आहे.

विचार हवेंत राहूं नये म्हणून एक ठिकाण आणि एक वेळ आम्ही पुढें ठेवतों. ठिकाण उंब्रज. सातारा जिल्ह्याच्या कऱ्हाड तालुक्यांत, जेथें तारळी नदी कृष्णेस मिळते, तेथें हें गांव वसलें आहे. समर्थांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक येथें आहे, आणि पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग गांवाला लागूनच जातो. वेळ १९६७ सालच्या ११ डिसेंबरची, पहांटे चार वाजून एकवीस मिनिटांची.

उंब्रजच्या पश्चिमेस, सरळ रेषेंत सुमारें पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर, कोयनानगर आहे. तेथील धरणाच्या जलाशयांत १९६२ च्या सुमारास पाणी सांठूं लागलें, आणि त्यापाठोपाठ त्या मुलखांत भूमीचे लहानसहान धक्के जाणवूं लागले. त्या पहांटे मोठा धक्का बसला. भूकंपमापनाच्या कोष्टकांत त्याचा आंकडा सुमारें ६.३ असा दिला जातो. सुमारें १८० माणसें दगावलीं, दीड हजारांहून अधिक जखमी झालीं, कोयनानगरांतील बहुतेक घरें पडलीं अथवा राहण्यास निकामी झालीं. धरणाला भेगा गेल्या, पण धरण उभें राहिलें. जलाशयाच्या पाण्यानें चेतविल्या जाणाऱ्या भूकंपांचें हें जगांतील एक अत्यंत प्रसिद्ध उदाहरण होय. धक्के पुढेंही थांबले नाहींत. आज कऱ्हाडजवळ हजारमाची येथें केंद्र सरकारची एक प्रयोगशाळा असून, कोयनेच्या मुलखांत तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन तेथील खडकांचा अभ्यास तिनें चालविला आहे. खडकांत काय घडतें हा त्या शास्त्रज्ञांचा विषय. त्या वेळीं माणसाच्या देहांत काय घडतें, हा आमचा.

तळपायापासून मेंदूपर्यंत

भूकंपाच्या लाटा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली सेकंदास सुमारें सहा किलोमीटर धांवते, दुसरी सुमारें साडेतीन. ढोबळ गणित केलें तर कोयनेहून निघालेली पहिली लाट उंब्रजला सहा-सात सेकंदांत पोंचावी आणि दुसरी दहा-अकरा सेकंदांत. या दोहोंच्या मध्यें चार-पांच सेकंदांचें अंतर पडतें. पहिली लाट हलकी असते. तिनें फडताळांतील भांडीं किणकिणतात आणि कौलें खडखडतात. घर हलविते ती दुसरी.

निजलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असतात, पण कान झोंपेंतही पहाऱ्यावर असतो. कानाच्या आंत, ऐकण्याच्या शंखाकृति भागाला लागूनच, तोल सांभाळणारें एक निराळें इंद्रिय आहे. त्यांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन चिमुकल्या पिशव्या असतात. पिशव्यांतून चुनखडीचे अतिसूक्ष्म स्फटिक एका मऊ थरावर बसविलेले असतात. देह जरा हालला कीं हे स्फटिक किंचित् मागें राहतात, त्यांच्याखालचे केसांसारखे तंतु वांकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. त्वचेच्या खोल थरांतही केवळ कंप ओळखणारीं सूक्ष्म इंद्रियें आहेत. पंचेंद्रियांची गणना आपण लहानपणापासून करीत आलों, पण तोलाच्या या इंद्रियाला त्या गणनेंत जागा मिळालेली नाहीं. तें न बोलतां काम करतें म्हणून आपल्याला त्याची आठवण राहत नाहीं. भूमि हालली म्हणजेच तें आपलें अस्तित्व जाणवून देतें.

हा संदेश किती वेगानें जातो? मज्जातंतूंचा वेग मोजणें मनुष्याला कधींच साधणार नाहीं, असें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ समजत असत. १८५० च्या सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें बेडकाच्या पायाच्या नसेवर प्रयोग करून तो मोजला, आणि तो सेकंदास पंचवीस-तीस मीटर इतकाच निघाला. माणसाच्या जलद तंतूंत तो याच्या दुपटी-तिपटीनें अधिक असतो. म्हणजे तळपायाची वार्ता मेंदूपर्यंत जाण्यास सेकंदाचे दोन-तीन शतांश लागतात. कोयनेची लाट उंब्रजला येण्यास लागलेल्या वेळाशीं तुलना केली तर हें कांहींच नव्हे. परंतु वार्ता पोंचणें निराळें आणि तिचा अर्थ मनाला कळणें निराळें, आणि आपल्या विषयाची मेख येथेंच आहे.

वार्ता मेंदूच्या बुडाशीं, मानेच्या वरच्या बाजूस पोंचतांच दचकण्याची क्रिया सुरू होते. मोठा आवाज झाल्यापासून सेकंदाच्या सुमारें चार शतांशांत पापण्या मिटतात. लगेच मान आंत ओढली जाते, खांदे वर येतात, पोटाचे स्नायु आवळले जातात. तान्हें मूलही दचकतें, त्याला कोणी शिकविलेलें नसतें. यापुढची पायरी बदामाच्या आकाराच्या एका लहान केंद्राची. तें मेंदूच्या दोन्ही बाजूंस कानाच्या आंतल्या अंगाला असतें, आणि शास्त्रीय परिभाषेंत त्याला जें ग्रीक नांव आहे त्याचा अर्थही बदाम असाच होतो. जोसेफ लेडू या अमेरिकन संशोधकानें उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, ऐकलेल्या ध्वनीची वार्ता या केंद्राकडे दोन वाटांनीं जाते. एक वाट मेंदूच्या वरच्या, विचार करणाऱ्या थरांतून वळसा घेऊन येते. दुसरी आडवाट तो थर टाळून थेट येते. आडवाटेनें आलेली वार्ता अस्पष्ट असते, पण आधीं येते. ती मिळतांच हें केंद्र इशारा देतें, मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी ॲड्रिनलिन नांवाचा रस रक्तांत सोडतात, हृदय वेगानें धडधडूं लागतें, यकृतांतील साखर रक्तांत येते, तोंड कोरडें पडतें, हातपाय गार होतात. 'हा भूकंप आहे' हें वाक्य मनांत जुळण्याच्या आधींच देह तयार होऊन बसलेला असतो.

पळणारा, थिजणारा आणि घरचा निवाडा

हार्वर्ड विद्यापीठांतील वॉल्टर कॅनन यानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या तयारीचें वर्णन लढण्याची अथवा पळण्याची तयारी असें केलें. पुढच्या संशोधनानें तिसरा प्रकारही तितकाच महत्त्वाचा ठरविला आहे, तो म्हणजे थिजणें. सशाला घारीची सांवली दिसली कीं तो आधीं निश्चल होतो. मनुष्यही होतो. हातपाय जड होतात, तोंडांतून शब्द फुटत नाहीं, आणि मागाहून तो म्हणतो, 'मला सारें कळत होतें, पण हालतां येईना.' तो खोटें बोलत नसतो. थिजविणारें केंद्र मेंदूच्या मध्यभागांत खोल आहे, आणि मनाची परवानगी त्याला लागत नाहीं.

आतां घराकडे वळूं. मोठ्या कुटुंबांत अशी एखादी पहांट येऊन गेली कीं तिच्या कथा वर्षानुवर्षें सांगितल्या जातात. कोण देवघराकडे धांवलें, कोण गोठ्याकडे गेलें, कोणी पाळण्यांतलें मूल उचललें आणि कोण तें तसेंच टाकून अंगणांत पळालें. या शेवटच्या माणसाची कथा हंसत हंसत सांगितली जाते, पण तो ऐकत असेल तर त्याच्या मनाला घरें पडत असतात. एखादी स्त्री खांबाला धरून उभीच राहिली असेल, तर 'तिला कशाची पर्वा नाहीं' असा शेरा तिच्या नांवावर कायमचा चढतो. १९६७ सालीं पाळण्यांत असलेलें मूल आज साठीला टेकलें आहे. पहिल्या दोन-तीन सेकंदांवरून केलेला निवाडा त्याच्या आईबापांना इतकीं वर्षें वाहावा लागला असेल, तर तो न्याय झाला असें आम्हांस वाटत नाहीं. पहिल्या दोन-तीन सेकंदांत जें घडतें त्यावरून मनुष्याची माया मोजतां येत नाहीं. अंगणांत पोंचल्यावर भान येतांच जो पुन्हां आंत शिरला, त्याचें तें परत वळणें मात्र मनाचें होय. निवाडा करावयाचाच तर त्यावरून करावा.

दहा सेकंदांचीं दहा मिनिटें

त्या पहांटेचा हादरा किती वेळ टिकला, हा वडील मंडळींत वादाचा विषय असतो. कोणी पांच मिनिटें सांगतो, कोणी दहा. कोयना धरणांत बसविलेल्या यंत्रानें त्या वेळच्या हादऱ्याची नोंद केली. ती नोंद धरणें बांधणाऱ्या जगभरच्या अभियंत्यांनीं अभ्यासिली आहे, आणि तींतील जोराचें हालणें कांहीं सेकंदांचेंच आहे. मग इतकीं माणसें चुकीचें कां सांगतात?

या प्रश्नावर २००७ सालीं अमेरिकेंत डेव्हिड ईगलमन आणि त्यांचे सहकारी यांनीं एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना एकतीस मीटर उंचीवरून पाठीवर खालीं सोडून जाळ्यांत झेलण्यांत आलें. आपलें पडणें किती वेळ चाललें असें विचारतां, दुसऱ्यांच्या पाहिलेल्या पडण्यापेक्षां सुमारें छत्तीस टक्के अधिक वेळ त्यांनीं सांगितला. परंतु मनगटावर बांधलेल्या यंत्रांतील वेगानें बदलणारे आंकडे पडतांना अधिक स्पष्ट दिसले काय, हें तपासलें असतां ते दिसले नाहींत असें आढळलें. म्हणजे भीतीच्या क्षणीं काळ खरोखर मंद होत नाहीं. त्या क्षणाच्या आठवणी दाट बसतात, आणि मागाहून मोजतांना दाट आठवणींचा काळ लांब भासतो. ॲड्रिनलिन आणि बदामकेंद्र हीं दोन्ही मिळून स्मृतीवर खोल ठसा उमटवितात. म्हणून त्या पहांटेचा कंदील, कुत्र्यांचें भुंकणें, आईच्या लुगड्याचा रंग आठवतो, आणि त्याच महिन्यांतील इतर एकोणतीस-तीस पहांटा पुसून गेलेल्या असतात. वडील माणसें फुगवून सांगत नाहींत; त्यांच्या स्मृतीनें जें जपलें तेंच सांगतात. नातवंडांनीं तें आदरानें ऐकावें, पण यंत्राच्या नोंदीच्या जागीं तें धरूं नये.

एका घरांत दोन तऱ्हा

कोयनेच्या मुलखांतील ज्या घरांनीं शेंकडों लहान धक्के अनुभवले आहेत, तेथें एक गंमत दिसते. भांडीं वाजलीं तरी आजी कूस बदलून पुन्हां निजते. आणि त्याच घरांतील एखादी तरुण मुलगी महामार्गावरून जड मालमोटार गेल्याच्या कंपानेंही ताडकन् उठून बसते. एक निगरगट्ट आणि दुसरी भित्री, असा याचा अर्थ केला जातो. शरीरशास्त्राचें सांगणें निराळें आहे.

एरिक कँडेल यानें समुद्रांतील एका मोठ्या गोगलगाईवर केलेल्या संशोधनाबद्दल त्याला २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या प्राण्याला हलकेंच स्पर्श केला कीं तो आपला कल्ला आंत ओढतो. स्पर्श वारंवार झाला आणि इजा झाली नाहीं, कीं ओढणें मंदावतें. ज्ञानतंतु पुढच्या तंतूला देत असलेला रासायनिक संदेशच क्षीण होतो. परंतु शेपटीला एकदां जोराचा धक्का दिला, तर तोच प्राणी साध्या स्पर्शानेंही जोरानें आकसतो. पहिली क्रिया संवयीची, दुसरी हळवेपणाची, आणि दोन्ही एकाच तंतुजालांत घडतात. आजीच्या नसा पहिल्या वाटेनें गेल्या, मुलीच्या दुसऱ्या वाटेनें. लहानपणीं, अंधारांत, एकटी असतांना पहिला धक्का बसला असेल, तर नसा दुसऱ्या वाटेकडे वळणें अगदीं संभवनीय आहे. यांत पहिलीचें शौर्य नाहीं आणि दुसरीचा दोष नाहीं. किंबहुना संवय ही नेहमीं हिताचीच असते असेंही नाहीं. किल्लारीला १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहांटे भूकंप झाला तेव्हां जाड दगडमातीच्या भिंतींखालीं हजारों माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. आदल्या वर्षीं तेथें लहान धक्के जाणवले होतेच. धक्क्यांची संवय झालेल्या घरानें निदान आपल्या भिंती तपासून घ्याव्यात.

मोठ्या धक्क्यानंतर कित्येक दिवस बसल्या जागीं जमीन हालल्याचा भास होतो, हेंही अनेकांनीं अनुभवलें असेल. जपानांत, जेथें भूकंप हा नित्याचा पाहुणा आहे, याला भूकंपाची झिंग अशा अर्थाचा रूढ शब्दच आहे. तोलाचें इंद्रिय, डोळे आणि तळपाय यांच्या वार्तांचा मेळ बिघडलेला असतो, आणि धास्तावलेला मेंदु प्रत्येक शंकेचा कौल भूकंपाकडे देतो. असा भास होणाऱ्या माणसाला वेडगळ ठरवूं नये. टांगलेल्या दिव्याकडे अथवा पेल्यांतील पाण्याकडे त्याला पाहावयास सांगावें. तें स्थिर दिसलें कीं डोळ्यांची साक्ष कानाची समजूत घालते.

भूकंप नसतांनाही

हें सारें केवळ भूकंपापुरतें असतें तर येथें त्याचा एवढा विस्तार केला नसता. तेंच केंद्र, तोच रस आणि तेच तंतु रोजच्या संसारांतही काम करीत असतात. धोक्याचा इशारा बाहेरून येतो तसा आंतूनही येतो. अमेरिकेंतील एका स्त्रीच्या मेंदूंतील दोन्ही बदामकेंद्रें एका दुर्मिळ रोगानें नष्ट झालेलीं होतीं. साप, कोळी, भयपट कशाचीच भीति तिला वाटत नसे. परंतु २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कार्बन डायॉक्साइड अधिक असलेली हवा तिला हुंगावयास दिली, तेव्हां ती भयानें कासावीस झाली. बाहेरचें भय न जाणणाऱ्या या देहाला आंतलें गुदमरणें मात्र कळलें. देह आणि मन एकमेकांच्या मागून चालतात असें चरकाचार्यांनीं सांगून ठेवलें आहेच. त्याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

झोंपेचेंच पाहा. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सुमारें पस्तीस तास जागविलेल्या तरुणांना क्लेशदायक चित्रें दाखविलीं, तेव्हां त्यांचें बदामकेंद्र झोंपलेल्यांच्या मानानें सुमारें साठ टक्के अधिक उसळलें, आणि त्याला आवरणाऱ्या कपाळामागील भागाशीं त्याचा संबंध क्षीण झालेला आढळला. आपल्या घरांत सर्वांच्या आधीं उठणारी आणि सर्वांच्या मागून निजणारी व्यक्ति कोण, तान्ह्या मुलासाठीं रात्रीं चारदां उठणारी कोण, याचा विचार करावा, आणि मगच तिच्या तापटपणाविषयीं बोलावें. अंगांत रक्त कमी असलें कीं हृदय उगाच धडधडतें. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें काम वाढलें कीं हात कांपतात आणि चीड येते, मंदावलें कीं मनुष्य सुस्त आणि उदास दिसतो. वृद्धांना कमी ऐकूं येऊं लागलें कीं पलीकडे चाललेलें बोलणें आपल्याचविषयीं आहे असें वाटूं लागतें, आणि घर म्हणतें, आजी संशयी झाली. अशा वेळीं उपदेश करण्याआधीं रक्त तपासावें, कान दाखवावे आणि झोंपेचे तास मोजावे. स्वभावाला औषध नसेल; पण स्वभाव म्हणून मिरविणाऱ्या कित्येक विकारांना तें आहे.

लगाम कोठें आहे?

यावर कोणी म्हणेल, 'मग मनुष्य केवळ नसांचें बाहुलें ठरला. संयम, शिस्त, संस्कार यांना अर्थ काय राहिला?' अर्थ राहतोच, फक्त त्याची जागा नेमकी ठरते. पहिला झटका आपल्या हातीं नाहीं. त्याच्या पुढचे क्षण बऱ्याच अंशीं आहेत. आणि पहिल्या झटक्यालाही वळण लावतां येतें, पण तें आधींच्या सरावानें. प्रसंग ओढवल्यावर केलेला उपदेश कामास येत नाहीं.

हृदयाची गति, आंतड्यांची हालचाल, घाम यांवर आपली सत्ता चालत नाहीं. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेंही. या दुहेरी किल्लीचें महत्त्व आपल्याकडे फार पूर्वीं ओळखलें गेलें होतें. लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीं योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनीं मोजण्यास आरंभ केला, आणि ते 'योगमीमांसा' या नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. आज आपल्याला ठाऊक आहे कीं श्वास सोडतांना मेंदूपासून हृदयाकडे जाणारी व्हेगस नांवाची नाडी हृदयाला किंचित् मंदावते. म्हणून उच्छ्वास लांबविला कीं छातीची धडधड कमी होते. संध्येंतील प्राणायाम ज्यांनीं केवळ नाक धरण्यापुरता उरकला, त्यांनीं त्याकडे या दृष्टीनें पुन्हां पाहावें.

दुसरा उपाय सरावाचा. घाबरलेला देह नवें कांहीं शोधीत नाहीं, जें घोटलेलें असेल तेंच करतो. म्हणून वर्षांतून दोनदां, सुटीच्या दिवशीं, लहानथोरांनीं मिळून हा सराव करावा. हादरा जाणवतांच खालीं वांकावें, मजबूत मेजाखालीं डोकें झांकावें, धरून बसावें, हालणें थांबल्यावर बाहेर पडावें. लहान मुलाला कोणीं घ्यावें आणि आजीचा हात कोणीं धरावा, हें आधींच ठरवून घ्यावें. जें काम नेमून दिलेलें नसतें तें गोंधळांत कोणीच करीत नाहीं.

ज्या मुलाच्या नसा हळव्या झाल्या आहेत त्याची थट्टाही करूं नये आणि त्याला सदैव पदराआडही ठेवूं नये. वडील माणसाच्या सोबतीनें त्यानें त्याच खोलींत निजावें आणि भांडीं वाजलीं तर काय वाजलें हें उजेडांत पाहावें. मग इजेवांचून गेलेली प्रत्येक रात्र त्याच्या तंतूंना पुन्हां शिकवीत जाते. महिना उलटला तरी झोंप लागत नसेल, स्वप्नें थांबत नसतील, तर वैद्यकीय सल्ला घेण्यांत संकोच करूं नये. मोडलेल्या हाताबद्दल आपण तो करीत नाहीं.

कोयनेचे धक्के पुढेंही बसतील, आणि तारळीकांठच्या घरांतून भांडीं पुन्हां किणकिणतील. त्या वेळीं कोणी दचकेल, कोणी पळेल, कोणी थिजेल. भूमि स्थिर झाल्यावर सर्व मंडळी अंगणांत जमतील तेव्हां कोण कसें वागलें याची चर्चा आरंभण्याऐवजीं प्रथम माणसें मोजावीं, थरथरणाऱ्याला जवळ बसवावें, प्यावयास पाणी द्यावें, आणि त्याच्या श्वासाला लय येईपर्यंत थांबावें.